झाडावरचे डबे आणि पाचचा आकडा : एका रिटायर लाईनमनचा जिओकॅशिंगबद्दल अभिप्राय

निकाल आधीच सांगून टाकतो. जिओकॅशिंगचं, म्हणजे लपवलेले डबे जीपीएसने शोधायच्या खेळाचं, ॲप फुकटवालं घ्या, नागपुरात राहून त्याची वर्षाची मेंबरशिप घेऊ नका, आणि वाचलेले पैसे दोरात घाला. ज्यांना झाडावर चढायचंच नाही त्यांना इथूनच रामराम.

वीज कंपनीत लाईनमन म्हणून माझी नोकरी झाली. दरवर्षी मृग लागायच्या आत तारांना टेकणाऱ्या फांद्या छाटायच्या असत, त्यामुळे खांबाइतकंच झाडही अंगवळणी पडलं. खरं सांगायचं तर झाडच जास्त आवडायचं. खांब सगळे सारखे. रिटायर झालो आणि घरच्या आंब्यावर चढलं तरी खालून बायकोचा आवाज यायला लागला. तेव्हा पुतण्याने फोनमध्ये हे ॲप टाकून दिलं. म्हणे, "काकाजी, तुमाले झाडावरच चढाचं हाय नं? मंग काहीतरी कामासाठी तं चढा."

काम म्हणजे असं. कोणीतरी डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश टाकतो. तुम्ही तो शोधायचा, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथेच परत ठेवायचा. बक्षीस काही नाही. अमेरिकी सरकार नागरी जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळायचं, ती मे २००० च्या सुरुवातीला बंद केली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ओरेगॉन राज्यात एक काळी बादली लपवली आणि तिचा पत्ता इंटरनेटवर टाकला. आपण वापरतो ती वेबसाईट त्याच सप्टेंबरात सुरू झाली.

प्रत्येक डब्याला दोन आकडे असतात. एक शोधायला किती अवघड त्याचा, दुसरा तिथे पोचायला किती अवघड त्याचा. दोन्ही १ ते ५, अर्ध्या-अर्ध्या पायरीने. दुसरा आकडा ५ असला की तिथे खास सामान लागतं: होडी, पाणबुड्याचा मुखवटा नाहीतर दोर. झाडावर चढावं लागतं हे सांगणारं छोटं चिन्हही डब्याच्या ॲपमधल्या पानावर असतं, ते आधी बघा. जर्मनीत असे झाडावरचे डबे भरपूर आहेत, दोरावाल्यांचे गटच्या गट त्यासाठी हिंडतात. आपल्याकडे हे प्रकरण तुरळक.

माझी मुख्य तक्रार या पाचच्या आकड्याबद्दल आहे. तो आकडा डबा लपवणारा स्वतः भरतो. सामान लागतं एवढंच तो सांगतो, धोका किती ते सांगत नाही. दोन माणसांच्या उंचीवरच्या कडुनिंबालाही ५ आणि चार मजली अर्जुनालाही ५. एखादा चपळ पोट्टा दोराशिवाय चढून डबा ठेवतो आणि तिथे ४ लिहून मोकळा होतो. आणि झाड कुठलं हे तर पानावर कुठेच नसतं! माझ्या मते आकड्यापेक्षा ते आधी लिहायला पाहिजे.

गुलमोहर दिसायला दणकट, पण मांडीएवढी फांदी वाऱ्यात काडकन जाते. छाटणीच्या काळात सगळ्यात जास्त शिव्या आम्ही त्यालाच दिल्या. सिल्व्हर ओक तसाच ठिसूळ. शेवग्याबद्दल बोलायलाच नको. निलगिरी वारा नसतानाही मोठी फांदी टाकते. सागाला खूप वरपर्यंत फांदीच नसते, म्हणजे दोर टाकायला जागाच नाही. बाभूळ भरवशाची, पण तुमचा सदरा ठेवून घेईल. चिंच, वड आणि जुना आंबा ही खरी माणसं. त्यातही चिंच. चिंचेची फांदी आधी वाकते, कुरकुरते, सूचना देते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी अजून एक भानगड असते. पानगळीत निम्मी झाडं उघडी पडतात, मग मेलेली फांदी कुठली आणि नुसती पानं गळलेली कुठली हे कळत नाही. फांदी हाताशी असली तर नखाने साल खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर जिवंत. खालून बघत असाल तर साल सुटून लोंबतेय का, बुरशीच्या छत्र्या आल्यात का, तांबट पक्ष्याने गोल भोक पाडलंय का हे दुर्बिणीतून बघा. तांबट ओल्या, टणक लाकडाला हात लावत नाही. त्याने जिथे घर केलं तिथे आपण लटकायचं नाही.

आता ॲपबद्दल. दाट झाडाखाली फोनचा जीपीएस काही मीटर इकडे-तिकडे करतो, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात बाण गरागरा फिरायला लागतो. दोन चिंचा शेजारी असल्या तर कुठली ते ॲप सांगू शकत नाही, आणि झाडावर किती उंच हे तर अजिबातच नाही. यात ॲपचा दोष नाही. अशा वेळी पानावरची खूण कामी येते. ती मुद्दाम उलट्या अक्षरांत लिहिलेली असते: इंग्रजी बाराखडीत प्रत्येक अक्षर तेरा जागा पुढे सरकवलेलं. बटण दाबलं की सरळ होते. आधीच्या लोकांनी टाकलेले फोटोही बघावेत.

फुकट खात्यात ॲपवर सोपे डबेच उघडतात, अवघडांवर कुलूप. पण हाच डबा वेबसाईटवर उघडा. मेंबरांपुरता राखलेला नसेल तर सगळं पान पत्त्यासकट दिसतं. अँड्रॉइडवाल्यांसाठी सी:जिओ नावाचं फुकट ॲप आहे, मी तेच वापरतो. मेंबरशिपमध्ये एका वेळी १००० डब्यांपर्यंतची यादी उतरवून घेता येते. जर्मनीतल्या माणसाला ठीक आहे. गोरेवाडा ते बुटीबोरी एवढ्या पट्ट्यात १००० डब्यांची यादी घेऊन मी काय लोणचं घालू?

नियम मात्र चांगले आहेत, एवढं मान्य करतो. झाडाला खिळा, स्क्रू मारायचा नाही. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर. जागेच्या मालकाची परवानगी पाहिजे, आणि डब्याची देखभाल करता येईल इतपत तुम्ही जवळ राहायला पाहिजे. प्रत्येक नवं पान एक स्वयंसेवक तपासतो, मगच ते दिसायला लागतं. आमच्या डब्याच्या वेळी त्याने परवानगीबद्दल नीट विचारपूस केली, ते मला आवडलं. खिळ्याचा नियम तर सोन्यासारखा. लाकडात बुजलेल्या खिळ्यावर करवतीची चेन गेली की काय होतं ते मी जवळून पाहिलंय.

आमचा डबा गोधनीच्या पुढे एका ओळखीच्यांच्या शेतात, बांधावरच्या चिंचेवर आहे. डबा म्हणजे प्रीफॉर्म: पाण्याची बाटली फुगवण्याआधी असते ती जाड नळी. बाटल्या बनवणाऱ्यांकडे मागितली की मूठभर देतात. झाकण घट्ट बसतं, पाणी जात नाही, आत कागदाची सुरळी आणि बोटभर पेन्सिल मावते. पेन्सिलच ठेवा. मान वर करून, हात डोक्याच्या वर धरून लिहायचं असतं, त्यात बॉलपेनची शाई उतरत नाही.

चढायची पद्धत सांगतो, कारण पैसा इथे लागतो. आधी फेकायची पिशवी: छर्रे भरलेली, ३०० ग्रॅमच्या आसपास, तिला दोनेक मिलिमीटरची गुळगुळीत बारीक दोरी. दोरीचा ढीग पायाशी मोकळा सोडायचा, नाहीतर उडताना गाठ पडते. दोन पायांच्या मधून पिशवी झुलवायची, दोन झोके सावकाश, तिसऱ्याला सोडायची. हाताने जोर लावला की ती हमखास बाजूच्या फांदीत जाते; झोक्याच्या वजनालाच काम करू द्यायचं. फांदीवरून पलीकडे गेली की दोरी हळूहळू ढिली सोडत पिशवी खाली उतरवायची, मग तिच्यामागे खरा दोर ओढायचा.

दोराचं एक टोक बुंध्याला बांधून दुसऱ्या बाजूने चढायची पद्धत सोपी. पण त्यात फांदीवर तुमच्या जवळपास दुप्पट भार येतो हे पुष्कळांच्या डोक्यात येत नाही. एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला बुंधा तेवढ्याच जोराने ओढतो. सत्तर किलोच्या माणसाने एकशे चाळीसचा हिशेब धरायचा, झटका बसला तर आणखी. म्हणून चढण्याआधी मी आणि पुतण्या, दोघेही दोराला लोंबकळून बघतो. फांदी हलली, वरून काही पडलं, की ती फांदी बाद.

दोर ११ मिलिमीटरचा, कमी ताणणारा, ईएन १८९१ टाईप ए (हे युरोपी मानक) असं छापलेला घ्यावा. या दर्जाचा नवा दोर निदान २२ किलोन्यूटन, म्हणजे दोन टनांच्या वर ताण झेलतो. इतवारीत किलोवर मिळते ती पिवळी-निळी प्लॅस्टिकची दोरी गाठोडी बांधायला छान आहे. घर्षणाने ती वितळते, आणि नागपूरचं ऊन तिला दोन-तीन उन्हाळ्यांत पावडर करतं. तिच्यावर जीव टांगू नका. दोर फांदीवर घासून साल कापली जाऊ नये म्हणून मधे जुन्या फायर होजचा तुकडा घालतो. त्यासाठी विकतचे कंबियम सेव्हर येतात, पण होज चालतो.

हार्नेस ऑनलाइन मागवला तर शिवणीत धागे लोंबत होते आणि मानकाची चिठ्ठीच नव्हती. परत पाठवला, पैसे मिळायला बरीच घासाघीस झाली. दुकानाचं नाव घेत नाही, पण चिठ्ठी, अनुक्रमांक आणि बनवल्याची तारीख नसलेला हार्नेस कोणाकडूनही घेऊ नका. बांधकामावरचा, पाठीला कडी असलेला पट्टा पडणाऱ्याला थांबवायला असतो, बसून काम करायला नाही. झाडासाठी बसायचा हार्नेस लागतो, पुढे आणि कमरेला कड्या असलेला. बुंध्याभोवती टाकायचा आखूड दोर मात्र मला नवा नव्हता, खांबावर आमचा पट्टा तोच असायचा. आणि एकट्याने चढायचं नाही. हार्नेसमध्ये बेशुद्ध लटकलेला माणूस थोड्या वेळातही दगावू शकतो. त्याला उतरवणारा खाली पाहिजे.

पहिल्यांदा डबा लावला तेव्हा एक गुराखी बराच वेळ बघत उभा होता. शेवटी न राहवून विचारलंच.

"काकाजी, मोहोळ काढून राहिले का?"

"नाही बा, डबा ठेवून राहिलो."

"मंग काढान कवा?"

"मी नाही, दुसरा कोणी येईल, नाव लिहीन आन् परत ठेवीन."

त्याने पुतण्याकडे बघितलं. यांना घरी घेऊन जा, असं त्या नजरेत स्पष्ट लिहिलेलं होतं. झाडावरून कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात आणि तिथून निघालेल्या लाईनींचे मनोरेही. ज्याने या खात्यात काम केलंय त्याला ते बघायला मजा येते, इतरांची खात्री देत नाही.

मोहोळाचं त्याचं बोलणं अगदीच उगीच नव्हतं. उंच झाडावर आग्या मोहोळ असेल तर त्या दिवशी ते झाड नाही. हेल्मेट, दोर काही कामाचं नाही. थंडी सरता सरता घारी घरट्यात असतात आणि डोक्यावर झेप घेतात. त्या काळात डब्याच्या मालकाला पान तात्पुरतं बंद ठेवता येतं, ठेवावंच. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, लोखंडी कडी हातात धरवत नाही, तेव्हा पहाटेच काय ते आटपा. पावसात साल निसरडी आणि वर विजा. राहिले दिवाळीनंतरचे महिने.

ॲपची एक गोष्ट मला अजिबात पटलेली नाही. "सापडला" हे बटण घरी बसून कोणीही दाबू शकतं. आमच्या चिंचेवर एका खात्याने बिनधास्त नोंद केली. कागदावर त्या नावाची सही नाही. मालक म्हणून मी ती नोंद पुसू शकलो, पण त्यासाठी वर जाऊन कागद तपासावा लागला. तेवढं चढणं झालं, हा भाग वेगळा.

रस्त्याकडेची आणि बागेतली झाडं सोडा. शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, आणि दोर घेऊन चढलेल्याकडे बघून कोणी आधी प्रश्न विचारत नाही, आधी फोन करतो. शेत, फार्महाऊस, ओळखीचा मालक, तोंडी नव्हे तर लेखी परवानगी.

आणि तारा. झाडाजवळून ११ केव्हीची लाईन जात असेल तर फेकायची पिशवी बाहेरच काढू नका. ओली किंवा मळकी दोरी वीज नेते, आणि पिशवी चुकून तारेवर गेली तर तुम्ही जमिनीवर उभे आहात याचा उपयोग नाही, उलट तोटाच आहे. झाड पडलं तर तारेपर्यंत पोचेल इतक्या जवळ असेल, तर ते झाड डब्यासाठी नाही, असा माझा हिशेब. असा डबा कुठे दिसला तर नोंद करताना तपासणाऱ्या स्वयंसेवकाला कळवायचा पर्याय असतो. तो वापरा, लपवणारा ओळखीचा असला तरी.