हातात ६-६, फ्लॉपवर ५-७-८: चेक-कॉल की चेक-रेझ?

पोकरचा डाव: बिग ब्लाइंडमध्ये (पत्ते बघण्याआधीच सक्तीची मोठी रक्कम लावणारी जागा) हातात दोन छक्क्या आणि फ्लॉपवर, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन सामाईक पत्त्यांत, पंजी, सत्ती, अठ्ठी, तिन्ही वेगळ्या रंगांची. जोडी आहे, दोन्ही टोकांनी उघडा स्ट्रेट ड्रॉ आहे (सलग पाच पत्त्यांना, म्हणजे स्ट्रेटला, कुठल्याही टोकाचा एकच पत्ता हवा), पण रिव्हरपर्यंत, म्हणजे पाचव्या, शेवटच्या सामाईक पत्त्यापर्यंत, दर वेळी आधी बोलायचंय ते आपल्यालाच. पॉट, म्हणजे मधे जमलेले पैसे, १००. आपण चेक केलं (काही न लावता पाळी पुढे दिली), समोरच्याने ५० लावले. पत्ते टाकून द्यावेत (फोल्ड) इतका हा हात वाईट नाही. उरतात दोन रस्ते: चेक-कॉल, म्हणजे त्याच्या बेटइतकेच पैसे भरणं, किंवा चेक-रेझ, म्हणजे त्याच्या बेटवर रक्कम वाढवणं.

त्याआधी आउट्स, म्हणजे आपला हात सुधारणारे उरलेले पत्ते, मोजूया. चार चौक्या, चार नव्व्या, दोन छक्क्या, म्हणजे दहा. दहा आउट्स असले की टर्नवर (चौथ्या सामाईक पत्त्यावर) साधारण २१ टक्के, आणि टर्न-रिव्हर दोन्ही बघायला मिळाले तर ३८ टक्के. पण हा आकडा फसवा आहे. छक्की पडली की टेबलावर ५-६-७-८ मांडलेले, मग कोणाकडे एक नव्वी किंवा एक चौकी असली तरी आपला सेट (तीन छक्क्या) हरतो. समोर नव्व्यांची जोडी आहे असं धरा: दोन नव्व्या त्याच्याच हातात, आणि आपली छक्की त्याचीच स्ट्रेट पूर्ण करते. दहाचे राहिले सहा. ज्या पत्त्याची आपण सर्वात आतुरतेने वाट बघतो, तोच इथे सर्वात घातक.

चेक-कॉलचा हिशेब असा: २०० च्या पॉटसाठी ५०, म्हणजे २५ टक्के हवेत. नुसत्या टर्नचे २१ कमी पडतात, पण समोर एक्का-राजा असेल तर आपली जोडी आत्ताच पुढे आहे, म्हणून कॉल बसतो. दुखणं पुढे आहे. टर्नवर राणी आली आणि त्याने पुन्हा मोठी बेट लावली तर रिव्हर न बघताच निघावं लागतं. चौकी आली तरी पैसे काढणं सोपं नाही: चेक केलं तर तो मागे चेक करतो, बेट लावली तर सावध होतो. आधी बोलण्याची खरी किंमत ही आहे, आणि बरेच जण ती हिशेबात धरतच नाहीत.

चेक-रेझ १५० चा केला तर १५० जिंकायला १५० लावतोय. हात निव्वळ ब्लफ असता तर निम्म्या वेळा फोल्ड लागला असता, ड्रॉ असल्यामुळे कमी चालतात. शिवाय एक्का-राजा फोल्ड झाला की त्याची जवळपास पाव हिश्शाची संधी तिथेच संपते. भीती एकच, समोरून उलट ऑल-इन (सगळे पैसे) आला आणि स्टॅक खोल असला, म्हणजे दोघांकडे अजून बरेच पैसे उरलेले असले, तर ड्रॉ सोडून द्यावा लागतो.

माझा कौल फ्लॉपआधीचा रेझ समोरच्याने कुठल्या जागेवरून केला त्यावर. बटनवरून (फ्लॉपनंतर सर्वात शेवटी बोलणारी जागा) आला असेल तर चेक-रेझ. तिथून तो वाटेल त्या पत्त्यांनी रेझ करतो आणि हा फ्लॉप त्याला क्वचितच लागतो. पहिल्या, म्हणजे फ्लॉपआधी सर्वात आधी बोलणाऱ्या, जागांवरून आला असेल तर त्याच्याकडे मोठ्या जोड्या जास्त, तेव्हा चेक-कॉल, तोही बेट लहान असेल तरच. स्टॅक पॉटच्या अडीच-तीन पटच उरला असेल आणि रेझ बटनचा असेल, तर मी सरळ ऑल-इन जातो. मग कोणी हुसकावू शकत नाही, दोन्ही पत्ते बघायला मिळतात.

आणि हातात चौक्या, त्यातली एक बदामची, फ्लॉपवर बदामचे राजा-नव्वी-दुर्री असतील तर त्याला ड्रॉ म्हणूच नका. टेबलावर चौथा बदाम आला की आपला फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) होतो खरा, पण कोणाचाही मोठा बदाम आपल्याला हरवतो. बेट आली की टाका.