अर्ध्या वॅटचा डॉंगल आणि कानातली ‘सूऽऽ’

खोक्यावरचे ५०० मिलिवॅट बघून भुलले, हे आधीच कबूल करते. अंगठ्याएवढा डॅक डॉंगल, म्हणजे फोनमधल्या डिजिटल गाण्याचा इअरफोनसाठी सिग्नल करून देणारा तुकडा. एक सॉकेट ३.५ मिमीचं, दुसरं ४.४ मिमीचं बॅलन्स्ड (डाव्या-उजव्या कानाच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणारं), आणि ४.४ मधून ४ व्होल्ट. नाव लिहीत नाही, कारण हे दुखणं या जातीच्या बऱ्याच डॉंगलचं आहे.

पहिल्या रात्री कॅम्पफायर कंपनीचे अँड्रोमेडा इअरफोन लावले. पंखा बंद, खोली शांत. प्ले दाबलं, आणि पहिला सूर यायच्या आत बारीकसं ‘टक्’ झालं, मागोमाग ‘सूऽऽ’. पलीकडच्या खोलीत नळ अर्धवट उघडा राहावा तशी. आवाज कमी केला, सूऽऽ तेवढीच. शून्यावर नेला, तरी तेवढीच. गाणं थांबवल्यावर काही सेकंदांनी डॉंगल झोपी जातो. तेव्हा जी शांतता पसरते तिच्यावरूनच कळतं, आपण इतका वेळ काय सोसत होतो.

व्हॉल्यूमसोबत कमी-जास्त होत नाही, म्हणजे ही कुरकुर गाण्यातली नव्हे, डॉंगलमधल्या अँप्लिफायरची, म्हणजे अँपची, स्वतःची. डिजिटल व्हॉल्यूम फक्त गाणं बारीक करतो. अँपची सूऽऽ त्याच्या पुढे तयार होते, तिथवर त्याचा हात पोचत नाही.

मग कागद-पेन्सिल घेतली. अँड्रोमेडाला ९४ डेसिबल (डीबी) आवाजासाठी लागतात जेमतेम ७ मिलिव्होल्ट. इम्पिडन्स (विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध) १२.८ ओहम, म्हणजे शक्ती ३.८ मायक्रोवॅट. आणि मी आणला होता अर्धा वॅट! ४ व्होल्टवरून ७ मिलिव्होल्टवर यायचं तर व्हॉल्यूम ५५ डीबी खाली ओढावा लागतो. माझ्या फोनला आवाजाच्या पायऱ्या आहेत पंधरा. पहिल्या पायरीवर आवाज जरा जास्त, शून्यावर काहीच नाही, मधे जागाच नाही. रात्री हळू ऐकायचं तर इक्वलायझरमध्ये प्रीअँप (गाण्याची एकूण पातळी) २० डीबी खाली करून बसायचं. घेतलं कशासाठी आणि चाललंय काय!

आता दुसरी बाजू, कारण डॉंगल वाईट नाही. त्यालाच सेनहायझर एचडी ६०० हा मोठा हेडफोन जोडला. ३०० ओहम, १ व्होल्टला ९७ डीबी. अँड्रोमेडा त्याच १ व्होल्टला हिशेबाने १३७ डीबीवर जातील (करून बघू नका). फरक ४० डीबीचा, म्हणजे व्होल्टेजमध्ये शंभरपट. समजा अँपचा नॉइज, म्हणजे तीच सूऽऽ, ५ मायक्रोव्होल्ट आहे: अँड्रोमेडावर तो ३१ डीबी होतो, शांत खोलीत सहज ऐकू येईल इतका, एचडी ६०० वर उणे ९, म्हणजे नाहीच. एचडी ६०० वर हा डॉंगल सुरेख वाजतो. ढोलाची थाप भरदार येते, व्हॉल्यूमही मधल्या पट्टीत राहतो.

उपाय करून पाहिले. लो गेनने (डॉंगलची कमी ताकदीची सेटिंग) थोडा फरक पडला. ४.४ सोडून ३.५ मध्ये लावल्यावर आणखी थोडा. मग ७५ ओहमचा रेझिस्टर असलेला अडॅप्टर मधे घातला. सूऽऽ मेली, पण आवाजाचा रंगच बदलला, नेहमीची गाणी परकी वाटायला लागली. कारण सरळ आहे. अँड्रोमेडासारख्या बॅलन्स्ड आर्मेचरच्या (आवाज काढणाऱ्या चिमुकल्या भागाचा एक प्रकार) इअरफोनचा इम्पिडन्स प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा. एखाद्याचा कुठे ८ ओहम, कुठे ३० असेल, तर मधे नुसते १० ओहम आले तरी त्या दोन ठिकाणांत साडेचार डीबीचा फरक पडतो. अर्ध्या ओहमला तो अर्ध्या डीबीच्याही आत राहतो. म्हणून आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे डॉंगलचा स्वतःचा, इअरफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागापेक्षा कमी हवा म्हणतात. माझ्या बाबतीत १.६ ओहम. ज्यांच्या इअरफोनचा इम्पिडन्स सपाट आहे, प्लॅनर (सपाट पडद्याच्या) इअरफोनवाल्यांचा बहुतेक असतोच, त्यांनी तो अडॅप्टर खुशाल वापरावा.

शेवटी कामी आला डिव्हायडर पद्धतीचा अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा मधला तुकडा. गाणं आणि सूऽऽ दोन्ही २४ डीबीने खाली, रंग जसाच्या तसा. फोनच्या पायऱ्याही वापरता यायला लागल्या, आता सहाव्या-सातव्यावर ऐकते. तक्रार एकच, खिशात आणखी एक लोंबणारा तुकडा.

तर, एचडी ६०० सारखे जास्त व्होल्टेज मागणारे हेडफोन असतील तर डॉंगल बिनधास्त घ्या. थोड्या व्होल्टेजवरच मोठ्याने वाजणाऱ्या नाजूक इअरफोनसाठी मात्र वॅटचा आकडा सोडून नॉइज किती मायक्रोव्होल्ट आणि आउटपुट इम्पिडन्स किती ते शोधा. माझ्या खोक्यावर यातलं एकही छापलेलं नव्हतं. डॉंगल आता टेबलावर एचडी ६०० पाशीच असतो. अँड्रोमेडासाठी हौसेने घेतलेली ४.४ ची केबल गुंडाळून परत डबीत गेली आहे.