पंधरा डॉलरची चिठ्ठी

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्नमेकर आहे. फौंड्रीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायच्या आधी ज्या लाकडी नमुन्यावर वाळू ठोकून साचा घेतात, तो नमुना करणारा माणूस. एकतीस वर्षं हेच केलं. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून लाकूड तेवढं आधीच मोठं ठेवायचं, असल्या हिशोबात डोकं चालतं माझं. लाकडाच्या बाबतीत मला कुणी गंडवेल असं दोन वर्षांपूर्वी कुणी म्हणालं असतं तर त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

माझा नाद जरा वेगळा. पॅसिफिक महासागरातली पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं, फिजी, तिकडच्या लाकडी वस्तू बघायच्या आणि तशा करायच्या. एका मासिकात पापुआ न्यू गिनीतल्या सेपिक नदीकाठचा एक म्हातारा मुखवटा तासताना बघितला होता. हातात वाकस, आणि धरायची तऱ्हा हुबेहूब माझ्या आज्ज्यासारखी. तिथून सुरुवात झाली. मग कळलं की फिजीतल्या जुन्या गदा ज्या नोकोनोको नावाच्या झाडाच्या असतात, ते म्हणजे आपल्या कोकण किनाऱ्यावरचं सुरूचं झाड. वादळात पडलेला सुरूचा एक ओंडका वेंगुर्ल्याहून गगनबावड्यामार्गे टेम्पोत घालून आणला. लोखंडासारखं जड लाकूड, पटाशीची धार तासाभरात जाते. कोल्हापुरात गदा म्हटलं की तालीमच आठवते, त्यामुळं गल्लीतली पोरं विचारायची, "मिस्त्री, ही कुठल्या पैलवानाची?"

अशाच वेळी तो गृहस्थ आला. पुण्याचा, साठीकडे झुकलेला, बोलायला गोड. वस्तू गोळा करतो म्हणाला. माझ्या दोन वस्तू सांगितलेल्या भावात घेतल्या, घासाघीस नाही. पुढच्या खेपेला पेढे घेऊन आला. तिसऱ्या खेपेला चादरीत गुंडाळलेला मुखवटा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

लांब नाक, नाकाचं टोक पक्ष्याच्या चोचीसारखं खाली वळलेलं, डोळ्यांत आणि कपाळावर कवड्या. सेपिकच्या इयातमुल लोकांत या मुखवट्याला 'माई' म्हणतात. तो तोंडाला बांधत नाहीत. उंच निमुळत्या सांगाड्याला बांधतात आणि नाचणारा माणूस त्या सांगाड्याच्या आत असतो. हे सगळं मला वाचून माहीत होतं, म्हणून तर जीव अडकला.

कथा अशी की त्याचे चुलते बोटीवर होते, १९६२ साली त्यांनी हा तिकडे घेतला. मागं पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली. त्यावर इंग्रजीत टाइप केलेलं गावाचं नाव, 'पापुआ न्यू गिनी', १९६२, किंमत १५ डॉलर. मी विचारलं, बाहेर न्यायचा परवाना? तो हसला. "मिस्त्री, तुम्ही अभ्यास केलाय. त्यांचा सांस्कृतिक वस्तूंचा कायदा १९६५ चा. हा त्याच्या आधी बाहेर पडलाय, परवान्याचा प्रश्नच नाही." कायदा १९६५ चाच आहे, हे खरं. माझ्या तोंडचा प्रश्न त्यानं आधीच पाठ करून ठेवला होता.

वर म्हणतो, तुमच्या टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये ब्रह्मपुरीला सापडलेला पोसायडन आहे की नाही? ग्रीकांचा समुद्रदेव कोल्हापुरात येऊ शकतो तर सेपिकची माई का नाही? असं कुणी म्हटल्यावर कोल्हापूरकराची छाती फुगणारच. फुगली.

बायको चहा घेऊन आली, मुखवटा बघितला आणि म्हणाली, "अहो, ह्या कवड्या महाद्वार रोडच्या बाजारातल्याच वाटतात की." आम्ही दोघंही हसलो. तो जरा जास्तच हसला, हे आता आठवतं.

मी ओला बोळा आणायला उठलो तर त्यानं हात धरला. "पाणी लावू नका, पॅटिना जातो. शंभर वर्षांच्या चुलीचा धूर आहे तो." मला पटलं. जुन्या वस्तूवर हात न चालवणं हा नियम खराच आहे, आणि खऱ्या नियमाआड लपलेला खोटा माणूस ओळखणं अवघड जातं. शनिवारी मुंबईची पार्टी बघायला येणार आहे, हेही त्यानं जाता जाता सांगितलं. शुक्रवारी सौदा झाला. बेचाळीस हजार, ते पण यूपीआयनं, त्यानं दिलेल्या कुणा तिसऱ्याच नावावर, आणि वर माझ्या हातच्या सात वस्तू. सातांत सुरूची ती गदा होती. पावती नाही. दोस्तीत पावती कसली मागायची?

माई भिंतीवर चढली. चार महिने आल्या-गेल्याला दाखवली.

मग एका रात्री ऑस्ट्रेलियाच्या नाण्यांवर काहीतरी वाचत होतो. सेपिकचा भाग तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात होता आणि ऑस्ट्रेलियात डॉलर आला १४ फेब्रुवारी १९६६ ला. त्याच्या आधी पौंड, शिलिंग, पेन्स. १९६२ साली तिकडच्या चिठ्ठीवर १५ डॉलर कसे असतील? आणि तेव्हा त्या मुलखाचं सरकारी नाव 'पापुआ अँड न्यू गिनी' होतं, मधला 'अँड' १९७१ ला गेला. १९६५ चा कायदा चुकवायला त्यानं १९६२ साल निवडलं, आणि १९६६ च्या डॉलरनं त्याला पकडलं. पण मला पकडता आलं नाही ना, तेव्हा.

मुखवटा काढला आणि जे पहिल्या दिवशी करायचं ते केलं. खोलीतले दिवे बंद करून बॅटरी एका बाजूनं, अगदी आडवी धरली. आतल्या बाजूला वाकसाचे किंवा पटाशीचे तुटक घाव दिसायला हवेत. दिसल्या त्या बारीक, एकसारख्या, गोल फिरलेल्या रेघा. मशीनला लावतात त्या फिरत्या पात्याच्या, बरच्या. या रेघा मी रोज बघतो, कामावर पोराला त्यावरून शिव्या घालतो. किडीची भोकं होती, त्यात बारीक तार घातली तर ती सरळ आत जाऊन एकाच खोलीवर टेकली. कीड अशी काटकोनात जात नाही, ती वेडीवाकडी फिरते. काठाला सांगाडा बांधायची आठ भोकं होती, पण दोरीनं घासून लाकूड गुळगुळीत झाल्याची खूण एकाही भोकाला नव्हती. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला तर शंभर वर्षांचा धूर बोळ्यावर आला, वासावरून बुटाचं पॉलिश. खाली फिकट पिवळसर, काळपट रेघांचं आंब्याचं लाकूड. आंबा तिकडेही असतो म्हणा, लाकडावरून मी निकाल दिला नाही.

निकाल कवड्यांनी दिला. तिकडे त्या चिकणमातीत नाहीतर झाडाच्या चिकाच्या लेपात बसवतात. मी एका कवडीच्या कडेला पाण्याचे चार थेंब सोडले आणि बिडी ओढली. परत येऊन बघतो तर कडेनं दुधासारखं पांढरं. फेविकॉल. माझ्या बाकड्यावर पाच किलोचा डबा असतो त्याचा. एवढ्यासाठी पाणी लावू नका म्हणाला होता.

फोन लावला. दोनदा उचलला, मग बंद. पोलीस ठाण्यात साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "वस्तू जुनी आहे असं लिहून दिलंय का कुठं?" नव्हतं. सात वस्तू दिल्या याला पुरावा? बायको. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर तक्रार दिली, पण पैसे जाऊन चार महिने झालेले. तो नंबर पैसे गेले त्याच तासाला लावायचा असतो. तक्रार नोंदली आहे, एवढंच. आता कुणी जुनी म्हणून वस्तू दाखवली तर मी एका कागदावर वस्तू काय, कुठली, किती सालची आणि पैसे कुणाच्या खात्यावर, हे त्याच्या सहीनं मागतो. आधीच्या मालकाच्या घरातला, ती वस्तू मागं भिंतीवर दिसणारा एखादा जुना फोटो मागतो. गेल्या वर्षात दोघांनी दाखवली, कागद म्हटल्यावर दोघंही परत आले नाहीत.

एक सांगतो, सेपिकच्याच माणसानं पर्यटकाला विकायला गेल्या वर्षी केलेला मुखवटा खोटा नसतो. त्याच्या हाताची किंमत द्यावी आणि आनंदानं लावावा. मला लागली ती जुनेपणाची हाव.

बेचाळीस हजारांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त सलते. गेल्या दिवाळीत पुण्याच्या एका तरुण संग्राहकानं ओळखीतून व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला: "काका, फिजीची गदा, एकोणिसाव्या शतकातली, नव्वद हजारांना मिळाली, तुमचं मत?" दांड्याजवळ डोळ्यासारखी गाठ, तिच्या शेजारी टवका उडालेला, त्यात मी काळी लाख भरलेली. माझीच गदा. फक्त रंग गडद. मी माझ्या एकाही कामावर कधी नाव घातलं नव्हतं. त्यामुळं त्या लबाडाला खोडायलासुद्धा काही लागलं नाही.

आता लोखंडी शिक्का करून घेतलाय. वस्तू पुरी झाली की आतल्या अंगाला, खोडलं तर खड्डा दिसेल एवढ्या खोल, नाव, कोल्हापूर आणि साल डागतो.

त्या पुण्याच्या पोराला फोन करून सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण काका, तुम्हाला नक्की आठवतंय?" शेडमध्ये त्या ओंडक्याचा उरलेला तुकडा आहे, गाठीचा दुसरा अर्धा भाग त्याच्यावर आहे. त्याचा फोटो काढून पाठवला. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर अजून नाही.