शीर्षकाला न्याय, दान्तेवर अन्याय : सोलापुरातील एक कविता-अभ्यासवर्ग

सात रस्ता परिसरात एम. ए. इंग्रजीच्या विद्यार्थ्यांसाठी रविवारी भरणाऱ्या एका अभ्यासवर्गातील आधुनिक कवितेचे सत्र मी नुकतेच पूर्ण केले. टी. एस. एलियटच्या ‘द लव्ह साँग ऑफ जे. आल्फ्रेड प्रुफ्रॉक’ या कवितेवरील तासिका हा त्यातील सर्वांत चांगला भाग होता.

‘शीर्षक उपरोधिक आहे’ एवढे सांगून बाजारातली गाइडे मोकळी होतात. येथे सरांनी तो उपरोध कसा घडतो हे ओळीगणिक दाखवले. शिकागोच्या ‘पोएट्री’ मासिकात जून १९१५ मध्ये आलेल्या या १३१ ओळींच्या कवितेत प्रेयसीला नाव नाही, मनात घोळणारा प्रश्न अखेरपर्यंत विचारला जात नाही, जलपऱ्या गातात त्याही एकमेकींसाठी, आणि ज्याच्या नावाने हे प्रेमगीत आहे त्याचे नाव शीर्षकाखेरीज कवितेत कुठेच येत नाही. ते नावही धनादेशावरील सहीसारखे आखीव आहे (तरुणपणी एलियट स्वतः ‘टी. स्टर्न्स एलियट’ अशी सही करत असे). शिवाय त्याच्या जन्मगावी, सेंट लुईसमध्ये, प्रुफ्रॉक नावाची फर्निचर कंपनी होती; नवी पेठेतील दुकानाच्या पाटीवरचे नाव एखाद्या भावगीताला द्यावे, तसाच हा प्रकार. ‘लव्ह साँग’ हे शब्द किपलिंगच्या ‘द लव्ह साँग ऑफ हर दयाल’वरून सुचल्याचे एलियटने पुढे सांगितले. त्या गीतात विरहिणी प्रियकराला खरोखर साद घालते, आणि ते शेजारी ठेवून वाचल्यावर प्रुफ्रॉकचे मौन अधिकच बोचते.

कवितेच्या आरंभी दिलेल्या, इटालियन कवी दान्तेच्या अवतरणाची मात्र पाच मिनिटांत बोळवण झाली, आणि ही उणीव किरकोळ नाही. ते अवतरण ज्यातले आहे त्या ‘इन्फर्नो’च्या (दान्तेच्या नरकवर्णनाच्या) सत्ताविसाव्या सर्गात नरकवासी गिदो दा मोन्तेफेल्त्रो बोलतो तो ऐकणारा जिवंत परत जाणार नाही या खात्रीने; म्हणजे शीर्षक प्रेमगीताचे आश्वासन देते आणि लगेच खालचे अवतरण सुचवते की, हे बोलणे कोणाच्याही कानी पडू नये. माझ्या मते निम्मा उपरोध याच जोडणीत आहे.

टिपणांच्या झेरॉक्स प्रती फिकट असतात आणि शुल्क थोडे जास्त वाटते. तरीही केवळ परीक्षेपुरते वाचायचे नसेल त्यांनी प्रवेश जरूर घ्यावा. मात्र तो सर्ग आधी वाचून जावे आणि सरांना त्यावर थांबायला लावावे, कारण विचारले की ते मनापासून सांगतात.