कोडासाठी मलम की फोटोथेरपी?

डाग मोजके आणि चेहऱ्या-मानेवर असतील तर ०.१ टक्का टॅक्रोलिमस मलम, दिवसातून दोनदा, पातळ थर. सुरुवातीला चुरचुरतं, मात्र स्टेरॉइडसारखी त्वचा पातळ होत नाही.

फोटोथेरपीत, म्हणजे प्रकाशकिरणांच्या उपचारात, ३११ नॅनोमीटरचे अतिनील किरण आठवड्यातून दोन-तीनदा, लागोपाठच्या दिवशी नाही. डोळ्यांवर गॉगल हवाच. डोस घाईने वाढवला की त्वचा भाजते. खरा खर्च दवाखान्याच्या फेऱ्यांचा! निदान ३ ते ६ महिने दिल्याशिवाय निकाल ठरवू नये.

रंग केसांच्या मुळांतल्या पेशींपासून परततो. म्हणून केस नसलेली बोटांची टोकं आणि पांढऱ्या केसांचे डाग दोन्ही उपचारांना फारशी दाद देत नाहीत. वर्षभर न वाढलेल्या डागांसाठी शस्त्रक्रियेबद्दल विचारावं.

अंगभर पसरलेल्या, वाढत्या कोडाला नुसतं मलम पुरत नाही, तिथे फोटोथेरपीच.