दत्तक की स्पेशल गार्डियनशिप? इंग्लंडमधल्या कोर्टासमोरचा पेच

इंग्लंडमध्ये काउन्सिलने (तिथल्या स्थानिक पालिकेने) मुलाच्या सुरक्षेसाठी ताब्यात घेतलेलं मूल आईबापांकडे परत जाऊ शकत नाही असं दिसलं की फॅमिली कोर्टापुढे बऱ्याचदा दोन वाटा उरतात, दत्तक किंवा स्पेशल गार्डियनशिप, आणि हे सगळं साधारण २६ आठवड्यांत उरकायचं असतं.

दत्तक म्हणजे कायमचं, जन्मदात्यांशी कायदेशीर नातंच संपतं, मग भेटीगाठीही सहसा नाहीत, वर्षातून एकदोनदा पत्र आलं तर आलं. आईबापांची संमती नसली तरी कोर्ट मुलाच्या हितासाठी हे करू शकतं, म्हणूनच २०१३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दुसरं काहीच चालणार नसेल तरच हे पाऊल उचला.

स्पेशल गार्डियनशिप २००५ च्या अखेरीस आली. यात मूल बहुतेकदा आजी, मावशी, काका अशा घरच्याच माणसाकडे १८ वर्षांचं होईपर्यंत राहतं, रोजचे निर्णय गार्डियन घेतो पण आईबाप कायद्याने आईबापच राहतात. आडनाव बदलायचं किंवा ३ महिन्यांपेक्षा जास्त परदेशी न्यायचं तर त्यांची लेखी संमती नाहीतर कोर्टाची परवानगी लागते. आणि हो, कोर्टाने आधी परवानगी दिली तर आईबाप ही ऑर्डर रद्द करा म्हणून अर्जही करू शकतात, ती टांगती तलवार दत्तकात नसते.

मला विचाराल तर धडधाकट आजी तयार असेल तर गार्डियनशिपच बरी, पण आजीच्या दारात रोज नशेतला बाप येऊन आरडाओरडा करणार असेल तर मग अवघड आहे बुवा.