बेळगावातल्या एका वकीलबाईंचा सल्ला: पोराचं प्रकरण घरातच दाबायचं की पोलिसात जायचं?

पाचपैकी चार स्टार. कोर्टाजवळ बसणाऱ्या एका वकीलबाईंच्या सल्ल्याबद्दल लिहितोय. नाव मुद्दाम टाकत नाही, नाव टाकलं की कुठल्या घरची केस ते आमच्याकडं लगेच कळतंय, आणि अल्पवयीन पोराची ओळख उघड करायला कायद्यानंच बंदी आहे. पण असा सल्ला कसा मिळायला पाहिजे ते लोकांना कळावं म्हणून हे.

विषय असा की आक्काच्या परसात कडब्याच्या गंजीमागं नंबरप्लेट काढलेली मोटारसायकल सापडली. भाचा सोळा वर्षांचा, त्याचा वीस-एकवीसचा एक दोस्त "चार दिवस ठेव, चंदगडला गिऱ्हाईक बघूलालोय" म्हणून ठेवून गेलेला. दाजींचं म्हणणं, रात्री गाडी कुठंतरी सोडून येतो आणि पोराला पुण्याला धाडतो, मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीची तयारी करूलालाय, पोलिसात नाव लागलं की संपलं सगळं. आक्का म्हणाली, मी स्वतः घेऊन जाते ठाण्यात. घरात दोन दिवस कोण कोणाशी बोलेना, मग मीच सगळ्यांना घेऊन या बाईंकडं गेलो.

बाईंनी आधी आम्हा मोठ्यांना गप्प बसवलं आणि पोरालाच विचारलं, गाडी चोरीची आहे हे तुला कधी कळलं? तो खाली बघत म्हणाला, प्लेट काढली तेव्हा. मग दाजींना सरळ सांगितलं की आता तुम्हालाही माहीत आहे, त्यामुळं गाडी लपवली किंवा हलवली तर चोरीचा माल लपवायला मदत केल्याचं कलम तुमच्यावर येतंय, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि गुन्हेगाराला आसरा दिल्याच्या कलमात सूट फक्त नवरा-बायकोला आहे, आई-बापाला नाही. दाजींचा चेहरा तिथंच उतरला, तोवर त्यांना वाटत होतं की बाप म्हणून झाकणं हा आपला हक्कच आहे.

मग भीतीचा भाग घेतला, आणि इथंच बाईंची फी वसूल झाली असं मी म्हणेन. २०१५ चा बाल न्याय कायदा त्यांनी अगदी आपल्या भाषेत सांगितला. अठराच्या आतल्या पोराला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या नाहीत, त्याच्याशी बोलणारा पोलीस साध्या कपड्यात पाहिजे, ताब्यात घेतलंच तर चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढं न्यायचं. तीन वर्षांपर्यंतच्या किरकोळ गुन्ह्यात एरवी एफआयआरसुद्धा होत नाही, डायरीत नोंद करून मंडळाला कळवतात, पण इथं सज्ञान दोस्त सामील आहे म्हणून एफआयआर होणार, हे पण लपवलं नाही. मंडळ समज देऊ शकतंय, समुपदेशन, समाजसेवा लावू शकतंय. भरतीचं विचारल्यावर कलम २४ उघडून दाखवलं, या कायद्याखाली निकाल लागला तरी पुढं त्यामुळं अपात्रता येत नाही आणि अशा केसचं रेकॉर्ड अपिलाची मुदत संपली की नष्ट करायचं असतंय.

दुसऱ्याच दिवशी आक्का, दाजी, भाचा आणि बाई मिळून ठाण्यात गेले, गाडी जमा केली. जबाब कन्नडमध्ये लिहिला होता, तो पक्का करायच्या आधी बाईंनी त्यातली एकेक ओळ पोराला मराठीत वाचून दाखवली आणि एका ठिकाणी "मी गाडी आणली" असं पडलेलं "माझ्याकडं ठेवायला दिली" असं दुरुस्त करून घेतलं. आपल्या सीमाभागात हे किती महत्त्वाचं आहे ते ज्यांनी न कळणाऱ्या कागदावर सह्या केल्यात त्यांनाच विचारा.

माझं मत स्पष्ट आहे, दुसऱ्याचं नुकसान झालंय आणि मोठी पोरं लहानाला वापरूलालीत, तिथं आई-बापानंच पोलिसात गेलं पाहिजे, पण पोराला सांगून आणि वकील घेऊन. रागाच्या भरात "घ्या ह्याला आत" म्हणून नाही. बापाच्या खिशातले पैसे घेतले म्हणून पोलिसात देऊलालेल्या एका जोडप्याला बाईंनी आमच्यासमोरच घरी परत पाठवलं, हे मला फार पटलं. लैंगिक अत्याचाराचं असेल तर मात्र विचार करायला जागाच नाही, पॉक्सो म्हणजे पोरांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली कळवावंच लागतंय, न कळवणं हाच गुन्हा आहे.

एक स्टार कापला तो ऑफिससाठी. बसायची जागा आणि बाईंची केबिन यात नुसता पडदा, आतलं सगळं बाहेर ऐकू येतंय, अशा विषयाला हे चालत नाही. फी पण आधी सांगत नाहीत, टायपिंगचे वेगळे घेतात.

जाताना पोराचा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला बरोबर न्या, वयाचा पुरावा पहिल्यांदा मागतात. फी परवडत नसेल तर १५१०० ला फोन लावा, विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर आहे, महिलांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.